जावईबापू, काच पुसा

गेले आठ पावसाळे मी ताम्हिणी घाटातून गाडी चालवतोय आणि ताम्हिणीचा एकही धबधबा मी पाहिलेला नाही. ऐकले मात्र सगळे आहेत. मागच्या सीटवरून "अगं बाई, केवढा हा!" असं आलं की मोठा, "हा गेल्या वर्षी होता का गं?" असं आलं की मध्यम, आणि कुणीच काही बोललं नाही की धबधबे संपून भज्यांची टपरी आली, असं मी समजतो. कारण त्या वेळी माझ्यासमोरची काच आतून पांढरीधोट झालेली असते. धृतराष्ट्राला निदान एकच संजय होता. माझ्या गाडीत पाच आहेत, आणि पाचही जण वेगवेगळ्या युद्धाचं वर्णन करत असतात.

पाच म्हणजे पुढे सासूबाई, कारण त्यांना मागे मळमळतं. मागे बायको, तिचा भाऊ, आमची दहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. गाडी बनवणाऱ्यांच्या मते ही माझ्यासकट पाचच जणांची गाडी आहे. त्यांनी माझ्या मेव्हण्याला पाहिलेलं नाही, नाहीतर चारच म्हणाले असते.

पुण्यातून निघताना काच स्वच्छ असते. चांदणी चौकात स्वच्छ, भूगावात स्वच्छ. पिरंगुटला पाऊस गाठतो, सगळ्या खिडक्या वर जातात आणि तिथून पुढे खेळ सुरू होतो. आधी काचेच्या खालच्या कडेला, डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या मागे, एक फिकट पट्टा उमटतो. पौड येईपर्यंत तो गणपतीच्या मुकुटाच्या वर चढलेला असतो. मग मी तळहाताने समोर भाकरीएवढं गोल पुसतो आणि त्या भाकरीतून मुळशी तालुका बघत राहतो. दोन वळणांत भाकरीची पुरी होते, पुरीचा पेढा होतो, आणि पेढ्यातून पुढच्या एसटीचा लाल रंगही दिसेनासा झाला की सासूबाई शांतपणे म्हणतात, "जावईबापू, काच पुसा."

त्या स्वतःही पुसतात, पदराने. पण फक्त स्वतःसमोरची. आरशाच्या बरोबर खाली आला की त्यांचा पदर थांबतो. तिथून पुढे दुसरी ग्रामपंचायत लागते. "माझ्याकडे अगदी लख्ख दिसतंय हो," असं त्या मला वर कळवतात, आणि मी त्यांच्या हद्दीतून रस्ता बघायला डावीकडे झुकलो की "सरळ बसा ना!" असं मागून येतं.

गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्यांनी एक पिवळं, मऊ, दृष्ट लागावी असं फडकं दिलं होतं. ते पहिल्याच आठवड्यात घरी ओट्यावर गेलं आणि परत आलं नाही. त्याच्या जागी माझं जुनं बनियन आलं. दोन पुसण्यांत ते भिजतं, आणि त्यानंतर ते पाणी टिपत नाही, नुसतं इकडचं तिकडे नेतं. मग समोरून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे त्या ओघळांत पसरून चाळीस होतात. अशा वेळी चाळिसातल्या नेमक्या कोणत्या दोन दिव्यांच्या डावीकडून जायचं, हा निर्णय घ्यायला माझ्याकडे तीन सेकंद असतात आणि सल्लागार पाच.

काच बाहेरून पुसायच्या दांड्याचं पेटंट अमेरिकेत १९०३ साली मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी घेतलं. न्यूयॉर्कमध्ये बर्फाळ पावसात ट्रामचा ड्रायव्हर खिडकी उघडी टाकून, स्वतः कुडकुडत ट्राम हाकताना त्यांनी पाहिला होता. त्या पेटंटमधून त्यांना पैसा काही मिळाला नाही. आतून पुसायचा दांडा माझ्या बायकोने शोधलाय. ती बंद छत्रीच्या टोकाला ओढणी गुंडाळते आणि मागच्या सीटवरून, माझ्या कानाजवळून, नेमकी मी वळण घेत असताना ती काचेवर फिरवते. तिलाही काही मिळालेलं नाही. या शोधापायी माझा चष्मा आजवर दोनदा सासूबाईंच्या मांडीवर जाऊन पडलाय, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो आधी पदराने पुसून, मग सावकाश परत दिलाय.

पुढच्या काचेचं हे असं. बाजूच्या काचा नुसत्या धुरकट होत नाहीत, त्या बोलतात. आमच्या चिरंजीवांनी मागच्या पावसाळ्यात शाळेबाहेर वाट बघता बघता डावीकडच्या मागच्या काचेवर बोटाने काहीतरी लिहिलं होतं. काच सुकली, अक्षरं गेली, आम्ही विसरलो. पण बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो, आणि पुन्हा वाफ धरली की त्या रेषा सोडून बाकीची काच पांढरी होते, हे मला ठाऊक नव्हतं. यंदा त्या खिडकीशी मेव्हणा बसला होता. मुळशीच्या अलीकडे त्याचा आवाज आला.

"दाजी, हे अक्षर कुणाचं?"

"कुठलं?"

"हे इथे उमटतंय ते. 'मामा चि' इथपर्यंत आलंय."

गाडीत एकदम शांतता पसरली. बायको म्हणाली, "चिरंजीव असेल."

तेवढ्यात 'कट' आलं.

पुढच्या भज्यांचे पैसे मेव्हण्याने दिले. आठ वर्षांत पहिल्यांदाच. काचेवरच्या वाफेचा मला झालेला हा एकमेव फायदा.

परतताना चांदणी चौकात हवालदाराने शिट्टी मारली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हापासून आतलं दिसत नसलेली गाडी पोलिसांना आवडत नाही. त्याने काचेवर टकटक केली. मी काच खाली केली, तर आतून वाफेसकट भज्यांचा वास, भिजलेल्या मोज्यांचा वास आणि सासूबाईंच्या बामचा वास असा मिळून त्याच्या तोंडावर गेला. तो अर्धं पाऊल मागे सरला.

"फिल्म चालत नाही, माहितीय ना?"

"साहेब, फिल्म काळी असते. ही पांढरी आहे."

"पांढरीपण चालत नाही. पुसा आणि जा."

त्यानंतर मी उपायांच्या मागे लागलो. आपल्याकडे काही माणसं अशी असतात की त्यांना रोग सांगायचा अवकाश, ती औषध सांगतात, आणि रोग सांगितला नाही तर आधी रोग सांगतात. मी तर काचेचं दुखणं घेऊन गावभर हिंडत होतो. पेट्रोल पंपावरचा माणूस नळी अडकवता अडकवता म्हणाला, "काचेला तंबाखू घासा साहेब. ड्रायव्हर लोक तेच करतात." पुढचं काही विचारायच्या आत मागच्याने हॉर्न दिला. मी त्याच संध्याकाळी टपरीवरून पुडी आणली, फडक्यात तंबाखू बांधली, ओली केली आणि काच आतून मन लावून घासली. काच तपकिरी झाली. दुसऱ्या दिवशी सासूबाई गाडीत बसल्या, त्यांनी दोनदा हवा हुंगली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, "काचेला लावलीय."

"हो का," त्या म्हणाल्या. त्या 'हो का'मधून मी अजून बाहेर आलेलो नाही. घरी त्यांनी माझ्या शर्टांचे खिसे तपासल्याचं मुलीने मला सांगितलं.

मग बटाटा. अर्धा चिरलेला बटाटा काचेवर फिरवायचा म्हणजे वाफ धरत नाही, असं मला ऑफिसातल्या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं, आणि तिघांपैकी एकानेही तो फिरवलेला नव्हता. मी फिरवला. दिवसा फरक पडल्यासारखा वाटला. रात्री मात्र काचेवर सुकलेल्या पिठामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती गणेशोत्सवातली रोषणाई दिसायला लागली. शिवाय दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि घरात तेवढेच बटाटे होते, ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती.

शेव्हिंग फोम हा उपाय खरा निघाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काचेला फासायचा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढायचा. साबणाचा पातळ थर मागे राहतो, त्यावर पाण्याचे बारीक थेंब धरत नाहीत, पाणी सपाट पसरतं आणि पलीकडचं दिसत राहतं. काच दिसेनाशी होते ती पाण्यामुळे नाहीच, थेंबांमुळे. तीन दिवस मी राजा होतो. चौथ्या दिवशी बायकोने सवयीने बनियन फिरवलं आणि तीन दिवसांचं राज्य एका हातात पुसून टाकलं. पाचव्या दिवशी ऑफिसात साहेबांनी माझ्या वाढलेल्या खुंटांकडे बघून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" शेजारचा म्हणाला, "साहेब, हल्ली ते गाडीची दाढी करतात."

मिठाचा प्रयोग लवकर संपला. वाटीभर जाडं मीठ डॅशबोर्डवर ठेवलं की ते हवेतलं पाणी ओढून घेतं, असं म्हणतात. त्याने ओढलंही. दुसऱ्या सकाळी वाटीत मीठ नव्हतं, मिठागर होतं, आणि पहिल्या स्पीडब्रेकरला ते माझ्या पँटवर आलं. तांदळाची गोष्ट मात्र मी फार कुणाला सांगत नाही. मोज्यात तांदूळ भरून, गाठ मारून गाडीत ठेवा, असं मेव्हण्याने सुचवलं. बहुधा भज्यांचा सूड. मी दोन मोजे ठेवले. चौथ्या रात्री उंदराला पत्ता लागला. त्याने तांदूळ खाल्ले, मोजा खाल्ला, आणि जेवणानंतर काहीतरी चघळायला हवं म्हणून हॉर्नची वायर खाल्ली. आता काच धुरकट, हॉर्न मुका, आणि घाटात वळणावर सासूबाई काच खाली करून स्वतः "ओ ऽऽ" ओरडतात, अशी माझ्या गाडीची सुरक्षा व्यवस्था होती.

या सगळ्यात साडूभाऊंचा उल्लेख टाळता आला असता तर मी टाळला असता. त्यांनी माझ्याच कंपनीची, माझ्याच रंगाची गाडी माझ्यानंतर दोन महिन्यांनी घेतली, पण वरचं मॉडेल. "आमच्याला मागे डिफॉगर आहे," ते गाडीभोवती मला एक प्रदक्षिणा घालायला लावून म्हणाले. मागच्या काचेत बारीक आडव्या तारा असतात, बटण दाबलं की त्या तापतात आणि काच मिनिटाभरात मोकळी व्हायला लागते. माझ्या मॉडेलमध्ये तारा नाहीत. जिथे त्यांच्याकडे बटण आहे, तिथे माझ्याकडे बटणाच्याच आकाराचं एक काळं प्लास्टिकचं झाकण आहे. ऐंशी हजार कमी दिलेत, याची रोज आठवण राहावी म्हणून ते लावत असावेत. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी ते झाकण बटण समजून दाबत होतो. आणि थोडा फरक पडतो, असं मला वाटतही होतं.

माझ्या काकांच्या फियाटला असली काही दुखणी नव्हती. पुढच्या दाराला ती तिकोनी छोटी काच असायची, ती ते फिरवून अशी कलती करत की वारा नेमका आत वळायचा. शिवाय दारांची रबरं केव्हाच गेलेली, त्यामुळे उरलेल्या सगळ्या फटींतूनही वाराच. त्या गाडीत पाऊस आत यायचा, माझ्या शाळेच्या चड्डीवर पाणी साचायचं, एकदा लोणावळ्याजवळ पायाशी छोटा बेडूक निघाला होता, पण काच? काच कायम आरशासारखी.

वाफ येते कुठून, हे शेवटी मुलीने सांगितलं. आठवी-नववीपर्यंत मुलं आपल्याला प्रश्न विचारतात. दहावीत ती उत्तरं द्यायला लागतात, आणि ते जास्त त्रासाचं.

"बाबा, हे आम्हाला आहे. उष्णतेच्या धड्यात. दवबिंदू."

"म्हणजे?"

"म्हणजे तीस अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त तीस ग्रॅम बाष्प मावतं. वीस अंशांना जेमतेम सतरा. काच पावसाने गार पडते, तिला चिकटलेली हवा गार पडते, आणि न मावलेलं पाणी काचेवर."

"पण गाडीत एवढं पाणी आलं कुठून?"

तिने मान वळवून सगळ्यांकडे नुसतं पाहिलं. मग यादी केली. तीन ओल्या छत्र्या. दोन रेनकोट, डिकीत जागा असताना पायाशी. मागच्या रविवारचा टॉवेल. वाफाळती मक्याची कणसं सहा. गाडी खराब होऊ नये म्हणून पायाखाली अंथरलेले आणि आता लगदा झालेले पेपर. त्या पेपरांखाली मॅट, मॅटखाली गालिचा, आणि तो गालिचा गेल्या जूनपासून सुकलेलाच नाही. "आणि आपण," ती म्हणाली. "माणूस नुसता बसला तरी श्वासातून आणि कातडीतून तासाला तीसएक ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. सहा जणांचं एकशेऐंशी. बोललं की आणखी."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी बोलू नको, असंच ना?"

असं कुणी म्हटलं नव्हतं. पण बोलून झालं होतं. त्या पौडपासून ताम्हिणीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना सोबत म्हणून बायको बोलली नाही. काच जेवढी व्हायची तेवढीच धुरकट झाली. उलट रागाने श्वास मोठे पडत असल्यामुळे जरा आधीच झाली, असं माझं निरीक्षण आहे. ते मी बोलून दाखवलं नाही.

शेवटी गाडी गॅरेजात नेली. उंदराने खाल्लेली वायर जोडायची होतीच.

"आणखी काही?" मेकॅनिकने विचारलं.

"काच आतून पाझरते," मी म्हटलं. बाहेर रिमझिम होती, गाडी बंद, आम्ही दोघं आत. काच आपली कामाला लागलेलीच होती.

"एसी लावत नाही का?"

"पावसात?" मी हसलो. "आधीच गारठा. आणि ॲव्हरेज पडतं."

तो काही बोलला नाही. त्याने गाडी चालू केली, एसीचं बटण दाबलं, तापमानाचा गोल निळ्याकडून लालकडे थोडा फिरवला आणि वारा काचेवर सोडला. मग त्याचा हात खाली एका छोट्या सरकत्या खटक्यापाशी थांबला. एका टोकाला गाडीचं चित्र आणि त्या गाडीच्या पोटात गोल फिरणारा बाण, दुसऱ्या टोकाला बाहेरून आत येणारा बाण.

"हा असा कधीपासून आहे?"

मी आठवू लागलो आणि मला आठवलं. २०१७चा दसरा. शोरूममधून गाडी काढलेली, बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू. सिग्नलला पुढे नेमका कचऱ्याचा ट्रक आला. बायको म्हणाली, "अहो, वास!" आणि मी तो खटका बाहेरच्या बाणाकडून आतल्या बाणाकडे सरकवला. ट्रक पुढच्या चौकात वळून गेला. खटका तिथेच राहिला. त्या ट्रकच्या वासाला घाबरून आम्ही सहा जण आठ वर्षं एकमेकांचा श्वास आलटून पालटून घेत होतो.

त्याने खटका सरकवला. आधी गणपतीचा मुकुट दिसला, मग गॅरेजचं फाटक, मग फाटकाबाहेरचा चहावाला, मग चहावाल्याच्या हातातल्या पेल्यांवरच्या रेघा. मिनिटही लागलं नाही.

"एसी गार करायला नाही साहेब, सुकवायला लावायचा. हवेतलं पाणी आतल्या थंड नळ्यांवर धरतं आणि खाली रस्त्यावर गळतं. कोरडी हवा काचेवर येते. गारठा वाटला तर गरम करून घ्या, दोन्ही एकदम चालतं. गाडी घेऊन किती वर्षं झाली म्हणालात?"

"आठ."

तो पुन्हा काही बोलला नाही. वायरचे पैसे त्याने घेतले, काचेचे नकोत म्हणाला. मेकॅनिकने आपणहून पैसे नाकारावेत, यापरती नामुष्की नाही. घरी येऊन मी गाडीची पुस्तिका काढली. ती अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती, पूजेच्या दिवशीचं कुंकू पिशवीला लागलेलं. त्यात हे सगळं चित्रांसकट होतं.

वाचलं तर नवीनच गोष्ट कळली. एसी मुळात माणसांसाठी जन्मालाच आलेला नाही. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. त्यावर विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राचा आराखडा केला. तारीख १७ जुलै १९०२. म्हणजे ऐन जुलैत, ओलीचाच बंदोबस्त म्हणून निघालेलं यंत्र माझ्या गाडीत होतं, आणि मी जुलैतच ते बंद ठेवून ऐन मे महिन्यात चालवत होतो. हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते." त्या काय म्हणत होत्या, हे विचारायची माझ्यात ताकद नव्हती.

पुढच्या रविवारी विजयी वीरासारखा निघालो. एसी चालू, खटका बाहेरच्या बाणावर, छत्र्या डिकीत, गालिचा गच्चीत वाळत. पिरंगुटला स्वच्छ, पौडला स्वच्छ. मला चढली. थोड्या गारव्याने एवढं होतं तर पूर्ण गारव्याने काय होईल, म्हणून मी गोल थेट निळ्याच्या शेवटच्या टोकाला नेला आणि पंखा चारवर. मुळशीच्या पुढे पाऊस थांबला होता, हवा घामट झाली होती. आणि बघता बघता काच पांढरी झाली. मी बनियन काढलं. सासूबाईंनी पदर काढला, बायकोची छत्री आली. पुसलं. काही फरक नाही. जोरात पुसलं. काही नाही. या खेपेला वाफ पुसलीच जात नव्हती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, काचच खराब झाली."

मी दिवे लुकलुकवत गाडी कडेला घेतली. तिथे एक एसटी उभी होती आणि ड्रायव्हर बंपरवर चढून आपल्या काचेला काहीतरी घासत होता. जवळ गेलो. हातात तंबाखूची पुरचुंडी.

"तुम्ही बाहेरून लावता?" माझा आवाज चिरकला.

"मग काय आतनं लावू? पाऊस काय गाडीत पडतो?" मग त्याने माझ्या गाडीकडे पाहिलं. आत तिघं जण तीन फडक्यांनी काच घासत होती. "ओ पाव्हणं, थांबवा त्यांना. बाहेरनं धरलंय ते. एसी कमी करा आन् वायपर मारा."

काच आतल्या गारव्याने इतकी गार पडली होती की बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरच्या बाजूने धरत होती. वायपर एकदा इकडून तिकडे गेला आणि वाफ गेली. मुलगी मागून म्हणाली, "दवबिंदूच, बाबा. फक्त उलटा." मी गोल निळ्यावरून मध्यावर आणला.

आणि मग, आठ वर्षांत पहिल्यांदा, काच आतून लख्ख, बाहेरून लख्ख, अशी आमची गाडी ताम्हिणीच्या घाटात शिरली. मी पुढे वाकून बसलो. मागून कुणी काही सांगायच्या आत या खेपेला धबधबा मी दाखवणार होतो. पहिलं वळण घेतलं आणि समोर सगळं पांढरं. रस्ता नाही, दरी नाही, झाड नाही.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "काच पुसा."

मी पुसली. आतून पुसली, वायपर मारला, खटका पाहिला, गोल पाहिला. शेवटी काच खाली करून हात बाहेर घातला, तो ओला होऊन आत आला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तो ढग आहे."

तेव्हा येत्या रविवारी ताम्हिणीत, डावीकडच्या मागच्या काचेवर 'मामा चिकट' असं उमटलेली एक पांढरी गाडी दिवे लुकलुकवत कडेला उभी दिसली, तर कृपया थांबून बटाट्याचा उपाय सांगू नका. तो करून झालाय. धबधबा कुठल्या बाजूला आहे, तेवढं सांगा आणि पुढे जा.